थायोपेरामाइड : स्मरणशक्तीच्या प्रयोगशाळेतील रसायन

सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइनची गोळी घेतली की डोळे जड होतात. त्याचे कारण मेंदूत आहे. जे हिस्टामिन नाकात शिंका आणि अंगावर गांधी उठवते, तेच मेंदूत माणसाला जागे ठेवते. ते तयार करणाऱ्या चेतापेशी हायपोथॅलॅमसच्या मागील भागात असतात. संख्येने थोड्या, पण त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरलेले. गोळी एच-1 हे ग्राही अडवते आणि जाग ओसरते. एच-2 ग्राही अडवणारे सिमेटिडिन जठरातील आम्ल कमी करते.

तिसऱ्या ग्राहीचे वर्तन मात्र उलटे आहे. 1983 मध्ये पॅरिसमध्ये जाँ-मिशेल आराँ, मोनिक गारबार्ग आणि जाँ-शार्ल श्वार्त्झ यांनी एच-3 ग्राहीचा शोध जाहीर केला. हा ग्राही हिस्टामिन सोडणाऱ्या पेशीवरच बसलेला असतो आणि पुरेसे हिस्टामिन बाहेर पडले की पुढचा स्राव आवरतो. थोडक्यात, तो लगाम होय. म्हणूनच एच-1 रोधकाने झोप येते, तर एच-3 रोधकाने लगाम सैल होऊन जाग वाढते. हाच ग्राही अॅसिटिलकोलिन या स्मृतीशी निगडित द्रव्याच्या स्रावावरही नियंत्रण ठेवतो. संशोधकांच्या आशेचे मूळ येथे आहे.

1987 मध्ये याच गटाने थायोपेरामाइड हे प्रभावी एच-3 रोधक पुढे आणले. त्यानंतर उंदरांवरील प्रयोगांना गती आली. अंधाऱ्या कप्प्यात शिरताच पायाला सौम्य विजेचा झटका बसलेला उंदीर पुन्हा तेथे जाण्यास किती वेळ कचरतो, यावरून त्याची आठवण मोजली जाते. स्कोपोलामिन देऊन विस्मरण घडवलेल्या किंवा अकाली वार्धक्य येणाऱ्या जातीच्या उंदरांत थायोपेरामाइडने ही आठवण सुधारलेली दिसली. 1998 मध्ये आलेल्या सिप्रॉक्सिफॅनने उंदरांचे अवधान वाढवले.

तथापि औषध म्हणून थायोपेरामाइड अडखळले. त्याच्या रेणूतील इमिडॅझोल कडे यकृतातील औषधे पचविणाऱ्या विकरांना अडवते. 1999 मध्ये मानवी एच-3 ग्राहीचे जनुक हाती आल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली : हे रसायन उंदराच्या ग्राहीला जितके घट्ट चिकटते, तितके माणसाच्या ग्राहीला चिकटत नाही. शिवाय पुढे सापडलेला एच-4 ग्राहीही ते अडवते. त्यामुळे जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात.

इमिडॅझोलविरहित नवी रोधके मग माणसांपर्यंत पोहोचली. परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्या अल्झायमरच्या रुग्णांच्या पदरी निराशाच आली. एबीटी-288 या रोधकाची चाचणी उपयोगाची चिन्हे न दिसल्याने मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. 2014 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या जुन्या डोनेपेझिलने मात्र रुग्णांत सुधारणा दाखवली, म्हणजे दोष चाचणीच्या मोजमापाचा नव्हता. औषधाने विस्मरण घडवलेला उंदीर आणि पेशी मरत चाललेला मेंदू यांत फार अंतर आहे.

यश आले ते भलत्याच दिशेने. दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सीवर पिटोलिसंट या एच-3 रोधकास युरोपात 2016 मध्ये आणि अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. श्वार्त्झ यांचा या औषधाच्या विकासातही वाटा होता. थायोपेरामाइड स्वतः मात्र प्रयोगशाळेबाहेर पडले नाही. एच-3 ग्राहीच्या अभ्यासातील एक साधन म्हणूनच ते ओळखले जाते.