चौकटीतला माणूस

संगणकाचे चित्र बारीक चौकटींचे असते, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. विणकराला ही विद्या फार पूर्वीपासून अवगत आहे. आपल्या हत्तीखान्यात पाथरवटाने कातळातून हत्ती काढले, त्याला हवी तशी गोलाई मिळाली. पैठणीच्या पदरावर मात्र ताण्याचे धागे मोजूनच मोर उमटतो. तिरकी रेघ तेथे पायऱ्यापायऱ्यांनी चढते.

मोर त्यात खपून जातो. माणसाचे तसे नाही. कामगारसभेच्या फलकासाठी आम्ही आलेखाच्या कागदावर एक विणकर काढावयास बसलो. सोळा चौकटींच्या उंचीत नाकाच्या वाट्याला एकच चौकट आली. ती एक घर सरकली की आमचा विणकर सावकार दिसू लागे! (हसू नका, तीन रात्री गेल्या.)

फ्रान्समधील लियाँ येथे १८३९ मध्ये जॅकार्डची तसबीर रेशमात विणली गेली. तिला सुमारे २४,००० छिद्रांचे पत्ते लागले. याच जॅकार्डच्या मागाने भाकरी जाईल म्हणून तिथल्या विणकरांनी त्याला विरोध केला होता. तसबीर विणणाऱ्याचे नाव मिशेल-मारी कार्किया. पैठणीवर मोर काढणाऱ्याचे नाव आम्ही पदरावर पुष्कळ शोधले. तेथे ते नसते.