एकोफिस्क तेलक्षेत्र

एकोफिस्क तेलक्षेत्र : उत्तर समुद्राच्या नॉर्वेकडील भागातील, भेगाळलेल्या खडूच्या खडकात असलेले तेलक्षेत्र. फिलिप्स पेट्रोलियम कंपनीला ते १९६९ मध्ये सापडले. १९७१ मध्ये उत्पादन सुरू झाले. जुन्या होत चाललेल्या कार्बोनेटी साठ्यातून अधिक तेल कसे मिळवता येते, याचे हे जगातील एक ठळक उदाहरण आहे.

खडक : सूक्ष्म सागरी शैवालांच्या चुनकट कवचांपासून बनलेला हा खडू समुद्रतळाखाली सुमारे ३ किमी. खोलीवर आहे. त्याची सच्छिद्रता २५ ते ४० टक्के आहे. मात्र छिद्रे फार बारीक असल्याने पार्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) अत्यल्प आहे. तेल साठते छिद्रांत आणि वाहते भेगांतून. या भेगा उपकारक तशाच धोक्याच्याही ठरतात. तेल पुढे ढकलण्यासाठी खाली सोडलेले पाणी भेगांवाटे थेट उत्पादन विहिरीत पोहोचले, तर बाजूच्या खडकातील तेल जागीच अडकून पडते.

पाण्याचा उपयोग : नैसर्गिक दाबावर मूळ साठ्यापैकी जेमतेम १७ टक्के तेल निघेल, असा आरंभीचा अंदाज होता. तो वाढवण्यासाठी पाण्याचा विचार झाला. जलस्नेही (तेलापेक्षा पाणी धरून ठेवणाऱ्या) खडूचा तेलाने भरलेला तुकडा पाण्यात ठेवला, की केशाकर्षणाने पाणी आत शिरते आणि तेलाचे थेंब बाहेर येऊन तुकड्याच्या पृष्ठावर जमतात. हीच क्रिया साठ्यात घडते का, हे १९८१ पासून चाचणी घेऊन पाहिले गेले. १९८७ मध्ये समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणावर सोडण्यास सुरुवात झाली. घटलेले उत्पादन पुन्हा वाढले आणि अपेक्षित तेलप्राप्ती ५० टक्क्यांच्या आसपास गेली.

खचणे : तेल काढल्याने दाब उतरून खडू दबला व समुद्रतळ खचू लागला. काँक्रीटच्या साठवण टाकीभोवतीच्या भिंतीतील भोकांच्या ओळी पाण्याबाहेर पूर्वीपेक्षा कमी दिसू लागल्या; १९८४ मध्ये हे लक्षात आले. १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म ६ मी. उचलावे लागले. पाण्याने दाब सावरला, तरी पाणी लागलेला खडू कमजोर होत असल्याने खचणे लगेच थांबले नाही.

महत्त्व : खडक तेलस्नेही (पाण्यापेक्षा तेल धरून ठेवणारा) असेल, तर नुसत्या पाण्याचा फारसा उपयोग होत नाही. मात्र समुद्राच्या पाण्यातील सल्फेट व कॅल्शियम आयन उच्च तापमानात खडूचा पृष्ठभाग अधिक जलस्नेही करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. म्हणून भेगाळलेल्या साठ्यात किती पाणी सोडावे हे ठरवण्याआधी, खडक ते शोषतो का आणि शोषल्यावर तग धरतो का, हे तपासणे अत्यावश्यक ठरते.