दाढेपासून नखापर्यंत

न्हाव्याच्या धोकटीतील नराणी माणसाच्या हाताच्या बेताने चाले. आजच्या सौंदर्यगृहांत घरघरणारी विजेची कानस मात्र मुळात नखांसाठी जन्मलीच नव्हती. तिचे कुळ शोधू गेल्यास ते दंतवैद्याच्या खुर्चीपाशी सापडते.

अमेरिकेत जेम्स मॉरिसन याने १८७१ मध्ये पायाने चालवावयाच्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. १८७५ मध्ये जॉर्ज ग्रीन याने त्याला विजेची जोड दिली. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे नखांचा या यंत्राशी काही संबंध आला नाही. तो आला एका अपघाताने. १९५४ मध्ये फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचे नख काम करताना तुटले आणि त्याने कवळीच्या अ‍ॅक्रिलिकचेच नवे नख स्वतःच्या बोटावर घडविले. द्रव्य दंतशाळेतून आले. मागोमाग हत्यारही यावे, हे ओघानेच आले.

कारण हे नख हातकानशीला सहजी दाद देत नाही. प्रारंभी मिथाइल मेथाक्रिलेट हे द्रव्य वापरात होते. ते इतके कठीण, की धक्का बसताच कृत्रिम नखाऐवजी खालचे खरे नखच उखडून येई. तक्रारी वाढल्यावर १९७४ मध्ये अमेरिकन शासनाने त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. घासण्यासाठी प्रथम हौशी कारागिरांची, लाकूड-धातूवर चालणारी यंत्रे उसनी घेण्यात आली. ती बोटांपाशी फार आडदांड ठरली. पुढे नखांची स्वतंत्र यंत्रे निघाली, तरी त्यांच्या बिटांची दांडी राहिली सुमारे २.३५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे दंतशाळेच्या मापाचीच!

या बिटांचे स्वभाव निरनिराळे. कार्बाइडच्या बिटाला धारदार खाचा असतात; ते अ‍ॅक्रिलिकचे कीस काढते. हिरकणीच्या कणांचे बिट घासून बारीक भुकटी करते. म्हणून काम करणाऱ्याच्या नाकातोंडावर पट्टी आणि शेजारी धूळ ओढणारा पंखा हवा. धातूची बिटे धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. पॉलिश कागदाचे वेढे मात्र एका ग्राहकानंतर टाकून द्यावेत.

वंश दाताचा असला तरी नख म्हणजे दात नव्हे. दाताचे कवच हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. नख हे केराटिनचे पातळ थर, आणि त्यांच्याखाली लगेच जिव्हाळी. फिरते बिट नखाशी समांतर धरून सतत हलते ठेवावे लागते. ते क्षणभर एका जागी थांबले, की घर्षणाच्या उष्णतेने चटका बसतो. तिरके धरले, तर तांबूस कमानीसारखी खाच पडते. खडबडीत बिट उघड्या नखावर चालवू नये, ते याचसाठी. अशी खाच बुजत नाही. नख वाढते महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर. त्याच संथ गतीने ती पुढे सरकते, आणि टोकाशी येऊन कापली जाईपर्यंत कित्येक महिने लोटतात.