चिलापीची वंशावळ



मिरजगाव-राशीन पट्ट्यात शेततळ्यात चिलापी सोडायचा विचार करणारे बरेच जण भेटतात. बीज घेताना प्रश्न एकच, "हजारी काय भाव?" बोकड घेताना त्याची आई दूध किती देते, जुळी देते का, हे आपण बघतो. माशाचे आई-बाप मात्र कोणी विचारत नाही. या माशाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, खरा घोळ तिथंच आहे.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळ आफ्रिकेचा. भारतात 1952 साली आला तो मोझांबिक तिलापिया. आशियात पसरलेला हा मासा बहुतांशी जावा बेटावरचा. तिथे 1930 च्या दशकाच्या शेवटी मुजाइर नावाच्या माणसाला समुद्रकाठी बोटावर मोजण्याइतके मासे सापडले, ते त्याने गोड्या पाण्यात वाढवले. म्हणजे एवढा मोठा पसारा, पण सगळी एकच भावकी!

त्यात हा मासा दोन-तीन महिन्यांतच अंड्यावर येतो. मादी पिलं तोंडात सांभाळते, म्हणून मरतूक कमी. तळ्यात गर्दी होते आणि मासा खुरटतो. शेवटी 1959 साली भारतीय मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पण तोवर तो पसरला होता. आज उजनीच्या पाण्यात चिलापी म्हणून मिळतो तो याच कुळातला.

दुसरी वाट 1988 मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली. इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून नाईल तिलापिया आणले, तिथले चार पाळीव वाण जोडले. मग नॉर्वेत सामन माशासाठी वापरलेली पद्धत लावली: प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवायची आणि जोमदार वाढीचे मासेच पुढच्या पिढीला निवडायचे. दर पिढीला वाढ सुमारे 12 ते 17 टक्के सुधारली. तोच 'गिफ्ट' तिलापिया. पुढे राजीव गांधी जलकृषी केंद्राने विजयवाड्याजवळ त्याचं काम सुरू केलं. भुवनेश्वरच्या 'सीफा' संस्थेने याच पद्धतीने रोहू सुधारला, 1997 चा 'जयंती रोहू' तो हाच.

आता हिशोब बघा. हॅचरीत 40 माद्या आणि 4 नर ठेवले तर मोजायला 44, पण वंशाच्या हिशोबाने ते साडेचौदाच भरतात. दर पिढीला जवळच्या रक्ताचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. 25 नर आणि 25 माद्या ठेवल्या तर पूर्ण 50 भरतात, आणि वाढ एकच टक्का.

घरच्या तळ्यातली पिलं परत सोडणं तर आणखी वाईट. मोठे मासे आपण विकतो. मागे राहतात ते लहानपणीच अंड्यावर आलेले. पुढची पिढी त्यांचीच. चांगलं कणीस बाजारात आणि पोचट दाणा बियाण्याला, अशातली गत.

एकलिंगी नर बीज घेतलं तर ते फक्त वाढवायला. त्यात चुकून राहिलेल्या माद्यांवर पैदास करू नका.

म्हणून बीज घेताना चार गोष्टी विचारा:
– पैदासीचा मूळ साठा कुठून आणला, कोणत्या साली?
– नर किती, माद्या किती?
– जुने ब्रूडर कधी बदलले?
– हॅचरीला परवानगी आहे का?

तिलापिया पाळायला सरकारी नियम आहेत, त्यामुळे आधी मत्स्यव्यवसाय खात्यात चौकशी करा. आणि तळ्याचं पाणी ओढ्यात जाणार नाही याची सोय करा.

भाव चार पैसे जास्त लागला तरी चालेल, वंश विचारूनच बीज घ्या. तुमच्या भागात ब्रूडरची नोंद ठेवणारी हॅचरी असेल तर जरूर सांगा, सगळ्यांच्या कामाला येईल.