परळपर्यंतची वाट

स्त्रियांच्या काही दुखण्यांचे नाव आपल्या घरांत मोठ्याने घेतले जात नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हे त्यांतलेच एक. ते माजघरातच सोसले जाते आणि डॉक्टरांच्या कानी जाते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या रोगाच्या इतिहासातले एक मोठे पान आपल्याच मुलखातल्या बायकांमुळे लिहिले गेले आहे. ते घरातल्या सर्वांनी वाचावे असे आहे.

१८९८ साली पॅरिसमध्ये क्यूरी दांपत्याला रेडियम सापडले. त्याच वर्षी व्हिएन्नात वर्टहाइम याने या रोगावरची मोठी शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. रत्नागिरीकराला परळ परके नव्हते; कितीतरी घरांतला कर्ता पुरुष तिथल्या गिरणीत होता. पण पावसाळ्यात आगबोटी बंद असत, आणि रोग काही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत नाही. कोकण रेल्वे सलग धावू लागली ती १९९८ साली. शिवाय किरणोपचार एका दिवसाचे नव्हेत. पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज जावे लागते. तोवर राहायचे कुठे, पोरांना सांभाळायचे कोणी, लावणी कोणी करायची? अशा अडचणींपायी उपचार अर्ध्यावर सुटत.

श्रीमंत देशांनी निराळी वाट धरली. पापानिकोलाऊ यांनी १९४३ साली ग्रंथरूपाने मांडलेली पेशींची तपासणी तिथे सरसकट होऊ लागली. रोग व्हायच्या आधीच हेरला जाऊ लागला आणि मृत्यू घटले. पण त्यासाठी प्रयोगशाळा हवी, सूक्ष्मदर्शकाला सरावलेला डोळा हवा आणि त्याच बाईला पुनःपुन्हा बोलावणे हवे. खेड्यात हे कुठून आणायचे?

या प्रश्नाचे उत्तर सापडले ते मराठवाड्यात. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या साह्याने मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांचे ५२ समूह पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट झाले. तिघांची तीन प्रकारे तपासणी झाली. चौथ्या गटाला तपासणी कुठे होते एवढेच सांगितले गेले. आठ वर्षांनी हिशेब झाला. या रोगाच्या विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ३४ जणी दगावल्या होत्या; चौथ्या गटात, ३१,४८८ स्त्रियांमध्ये, ६४. इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंत तसा ठाम फरक पडला नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दुसरा अभ्यास चालला होता. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केले. सौम्य सिरका लावून, पांढरे पडणारे डाग त्या नुसत्या डोळ्यांनी पाहत. दर दोन वर्षांनी केलेल्या या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्या चौथ्या गटाविषयी पुढे देशोदेशी वाद झाला. तपासणी सरकारी दवाखान्यांत कोणालाच मिळत नव्हती, तेव्हा कोणाचे काही हिरावले नाही, असे एक बाजू म्हणे. उपाय हाती असून नुसते पाहत राहिलात, असे दुसरी. मला दुसऱ्या बाजूचे दुःख अधिक जवळचे वाटते. तरी एवढे खरे, की त्या चौसष्ट जणींचा आकडा नसता तर चौतीसचा अर्थ जगाला कळला नसता. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या उच्चाटनाचा संकल्प सोडला. त्याच्या पायात ही खेडी आहेत.

औषध गरिबांचे वेगळे आणि श्रीमंतांचे वेगळे असे नाही. वेळेत सापडलेला डाग गोठवून काढायला काही मिनिटे लागतात; उशिरा सापडला की परळची वाट धरावी लागते. आपल्या जिल्ह्यात चिपळूणजवळच्या डेरवणच्या रुग्णालयाने टाटाच्या डॉक्टरांबरोबर गावोगाव जाऊन स्त्रियांची तपासणी केली, ती यासाठीच. फराळाला जमलेल्या घरात तिशी ओलांडलेल्या आई, काकू, वहिनी असतीलच. दुखायला लागण्याआधी एकदा तपासून घ्या, एवढे त्यांना या सणात कोणीतरी मोठ्याने सांगावे.