मोजणी आणि गुण

विद्यार्थ्याने पुस्तकाबाहेर पडून केलेले काम पदवीसाठी गणले जावे, हा विचार मानववंशशास्त्राला नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने पदवीवर्गातील अशा कार्यानुभवाला श्रेयांक दिले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, इरावती कर्वे यांनी डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन समाजाचा अभ्यास करून मुंबई विद्यापीठाची एम्. ए. पदवी संपादन केली होती.

पुढे बर्लिनमध्ये त्यांची खरी कसोटी लागली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कयास असा, की गोरे युरोपीय बुद्धीने श्रेष्ठ असल्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असाव्यात. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. वंशाचा आणि या असमानतेचा संबंध त्यांना कोठेही आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसे स्पष्ट नमूद केले. फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली, असे चरित्रकार सांगतात. पदवी मात्र मिळाली.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. गावोगाव हिंडून माहिती गोळा करण्याचा त्यांचा परिपाठ पुढेही चालू राहिला, आणि १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आज श्रेयांकासाठी विद्यार्थी वस्तीत वा संग्रहालयात जातो, तेव्हा परीक्षा एकट्या त्याचीच नसते. गुरूच्या मताविरुद्ध जाणारी नोंद त्याने प्रामाणिकपणे आणली, तर तिला पुरते गुण देण्याचे धैर्य गुरूपाशीही असावे लागते.