सागरी सफर आणि दंशाचें कोडें

इजिप्तचा पहिला राजा मेनीस हा गांधीलमाशीच्या दंशानें मेला, अशी एक कथा वैद्यकाच्या ग्रंथांतून कित्येक वर्षें छापली जात होती. तिचा जनक लॉरेन्स वॅडेल. हा गृहस्थ हिंदुस्थानांतील सरकारी वैद्यकखात्यांत नोकरी करून तिबेटचा जाणकार म्हणून नांवाजला, आणि उतारवयांत प्राचीन लिप्यांच्या नादीं लागला. ॲबिडॉस येथील थडग्यांत सांपडलेल्या एका लांकडी पट्टीवरील चित्रलिपी त्यानें आपल्या पद्धतीनें लाविली, आणि १९३० सालीं असा अर्थ प्रसिद्ध केला कीं, मेनीस राजा गलबतें घेऊन पश्चिम समुद्रांत दूरवर गेला व आयर्लंडच्या भूमीवर गांधीलमाशी डसून मरण पावला. समुद्रप्रवास, परका किनारा, आणि एका क्षुद्र कीटकानें केलेला राजाचा अंत! एवढें नाट्य एकत्र आल्यावर तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची तसदी कोण घेतो? इजिप्तच्या इतिहासाचे जाणते वॅडेलचें वाचन मानीत नाहींत; जुना इतिहासकार मॅनेथो याच्या मतें तर मेनीसचा बळी पाणघोड्यानें घेतला. २००४ सालीं ॲलर्जीच्या अभ्यासकांनींच या कथेचें रीतसर खंडन छापलें.

नवल असें कीं, ज्या व्याधीचा पुरातन दाखला म्हणून ही कथा सांगत, त्या व्याधीचा खरा शोध एका सागरी सफरींतूनच निघाला. मोनॅको या चिमुकल्या संस्थानाचा राजा पहिला आल्बर्ट याला समुद्राचें वेड होतें. त्याची ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही नौका म्हणजे तरंगती प्रयोगशाळाच होती. १९०१ च्या जुलै महिन्यांत ती तुलाँ बंदरांतून निघाली, तेव्हां तिजवर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. केप व्हर्ड बेटांच्या बाजूच्या ऊबदार पाण्यांत फायसेलिया नांवाचा प्राणी निळसर फुग्याप्रमाणें तरंगत असतो. त्याच्या खालीं लोंबणारे तंतू कित्येक मीटर लांब असतात, आणि त्यांचा स्पर्श होतांच अंगाची आग होते. या विषाचें स्वरूप तुम्ही शोधून काढा, अशी राजाची सूचना होती. पावसाळ्यांत जुहू-गिरगांवच्या वाळूंत हीच निळी फुगवटी कधीं कधीं येऊन पडते, आणि उघड्या पायांनीं फिरणाऱ्या मुंबईकरांस तिचा प्रसाद मिळतो.

नौकेवरच त्या तंतूंचा अर्क काढून कबुतरें, गिनीपिग इत्यादि प्राण्यांवर त्याचे प्रयोग झाले. अर्क टोंचतांच प्राणी सुस्त होऊन पडत. सफर संपली, शास्त्रज्ञ पॅरिसला परतले, परंतु तेथें फायसेलिया कोठून मिळावी? म्हणून त्यांनीं तिच्याच वर्गांतील एक प्राणी निवडला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून राहणारें तें समुद्रपुष्प होय. नांव फुलाचें, काम मात्र विषारी. कुत्र्यांना त्याच्या विषाचा किती डोस घातक ठरतो हें पाहावयाचें होतें. थोडा डोस मिळालेलीं जनावरें वांचत, त्यांना कांहीं दिवस विश्रांति देऊन पुन्हां टोंचीत. या विषाची हळूहळू संवय होऊन शरीर बळकट होईल, अशी त्या काळच्या समजुतीप्रमाणें साहजिक अपेक्षा होती. देवीच्या लशीचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें होतेंच.

कुत्र्यांपैकीं एकाचें नांव नेपच्यून. धडधाकट, आनंदी जनावर. पहिल्या टोंचणीनें त्याला फारसें कांहीं झालें नाहीं. सुमारें तीन आठवड्यांनीं, १९०२ च्या फेब्रुवारींत, त्याला पुन्हां अल्पसा डोस देण्यांत आला. कांहीं क्षणांतच त्याला धाप लागली, पाय लटपटूं लागले, रक्ताची ओकारी झाली, आणि २५ मिनिटांत तो मेला. बळकट होण्याऐवजीं तो पहिल्याहून दुबळा झाला होता. जणूं पहिल्या भेटींत शरीरानें शत्रूची ओळख करून घेतली आणि दुसऱ्या भेटींत स्वतःचेंच घर पेटवून दिलें. ग्रीक भाषेंत ‘फिलॅक्सिस’ म्हणजे रक्षण. त्याच्या उलट तें ‘ॲनाफिलॅक्सिस’, असें नांव रिशेनें बनविलें. व्याकरणाच्या दृष्टीनें ‘ॲफिलॅक्सिस’ अधिक शुद्ध झालें असतें, पण तें कानाला गोड लागेना! १९१३ सालचें नोबेल पारितोषिक रिशे यांस मिळालें, एकट्यांसच. पोर्तिएच्या वांट्यास कांहीं आलें नाहीं. ही गोष्ट मनाला लागते, कारण त्या नौकेवरील कष्ट दोघांचे होते.

गांधीलमाशीच्या किंवा मधमाशीच्या एकाच दंशानें धडधाकट मनुष्य कां दगावतो, याचा उलगडा या प्रयोगामुळें होऊं लागला. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आग्या मोहोळ उठून शेंकडों माश्या एकदम डसल्या, तर तें विषाचें प्रमाणच घातक असतें. तो प्रकार वेगळा. येथें विष नगण्य, बंड शरीराचें. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या फोन पिर्के यानें ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला, आणि १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्यानें या बंडामागील ‘आयजीई’ हा रक्तांतील घटक ओळखला. पहिल्या दंशानंतर तो तयार होऊन बसतो; पुढच्या दंशानें ठराविक पेशींतून हिस्टामिन आदि द्रव्यें सुटतात, रक्तदाब कोसळतो, गळा सुजतो. ज्या १९०१ सालीं ती सफर निघाली, त्याच सुमारास जोकिची ताकामिने यानें अमेरिकेंत शुद्ध ॲड्रेनॅलिन वेगळें केलें होतें. या रोगावरचा तारक उपाय आजही तोच.

प्रतिबंधाचा मार्ग मात्र बराच काळ चुकला. १९३० नंतर कित्येक वर्षें रोग्यांना संबंध माशी वाटून काढलेला अर्क टोंचीत. मेरी लव्हलेस या अमेरिकन डॉक्टरणीनें हट्टानें सांगितलें कीं, दोष विषांत आहे, अर्क विषाचाच हवा. आणि गांधीलमाश्यांच्या विषाच्या पिशव्या काढून ती प्रयोग करीत राहिली. तिच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. अखेर १९७८ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टरांनीं रोग्यांचे गट पाडून त्यांना मुद्दाम दंश करविला. शुद्ध विषाचे डोस घेतलेल्या १८ जणांपैकीं एकालाच त्रास झाला. संबंध माशीच्या अर्कावर असलेल्या ११ पैकीं ७, आणि नुसतें दिखाऊ औषध घेतलेल्या १२ पैकींही ७ जणांस झाला. म्हणजे जुना अर्क आणि पाणी यांत फरक नव्हता. इतकीं वर्षें हजारों लोक निर्धास्तपणें त्यावर विसंबून होते!

आज सुट्टीकरितां मोठ्या बोटीनें जाणाऱ्यांत असा एखादा रोगी असला, तर त्याचा धोका खोल समुद्रांत नसतो; तेथें माश्या जवळजवळ नसतातच. तो बंदरांत असतो: धक्क्याला लागलेल्या बोटीच्या उघड्या सज्जांत मांडलेल्या फळांपाशीं, आणि किनाऱ्यावरच्या बागांत व बाजारांत. बोटीवर डॉक्टर असतो, परंतु मोठें इस्पितळ कित्येक तासांवर राहतें, आणि पहिला झटका ओसरल्यावर कांहीं तासांनीं दुसरा येऊं शकतो. म्हणून जाणते डॉक्टर ॲड्रेनॅलिनची एक नव्हे, दोन इंजेक्शनें बरोबर ठेवावयास सांगतात. तीं मांडींत द्यावयाचीं, आणि तीं खोलींतील सामानांत नव्हे, खिशांत ठेवावयाचीं. निघण्यापूर्वीं विषाचे डोस सुरू केलेले असले तर उत्तमच. मात्र तो उपचार साधारणपणें तीन ते पांच वर्षें चालतो, आणि सफरीची तारीख तेवढी थांबत नाहीं.